चार रंगांचं कार्ड आणि १०२४ रंगांची चित्रं

एप्रिल २०१५ मध्ये जर्मनीतल्या सारब्रुकनला ‘रिव्हिजन’ हा डेमोसीनचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चित्र-संगीताची करामत दाखवणाऱ्या हौशी मंडळींचा, मेळावा भरला. जुन्या कॉम्प्युटरांच्या स्पर्धेत तिथे पहिला आला तो ‘८०८८ एमपीएच’ नावाचा डेमो, आणि तो चालत होता १९८१ सालच्या मूळ आयबीएम पीसीवर. ४.७७ मेगाहर्ट्‌झचा इंटेल ८०८८ प्रोसेसर, पडद्यावर रंगीत चित्र पाठवणारं आयबीएमचं पहिलं सीजीए कार्ड आणि आवाजाला आतला टिचभर स्पीकर, एवढाच सरंजाम. कार्डाच्या पुस्तिकेत रंगीत चित्रासाठी एका वेळी चार रंग सांगितलेले. डेमोने त्याच कार्डातून १०२४ रंग काढून दाखवले.

हा आकडा ऐकून लोक तोंडात बोट घालतात आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात. मला मात्र या सगळ्या प्रकरणात आकडा सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल पुढे थोडी कुरकुरही करणार आहे. पाहण्यासारखं आहे ते हे, की मर्यादा नेमकी कुठे होती: चिपमध्ये, तारेत, टीव्हीत, की पुस्तिकेत?

यंत्राची पत

डेमोसीन ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ऐंशीच्या दशकात युरोपात कमोडोर ६४ आणि पुढे अमिगा या घरगुती कॉम्प्युटरांवर खेळांची कॉपी-प्रोटेक्शन तोडणारी पोरं तोडलेल्या खेळाच्या सुरुवातीला आपल्या गटाची झगमगती पाटी लावत. पाट्या मोठ्या होत गेल्या, खेळ गळून पडला, पाटीच कला झाली. डेमो म्हणजे तयार चित्रफीत नव्हे. यंत्र त्या क्षणी गणित करतं आणि दाखवतं. मेळाव्यांना ‘पार्टी’ म्हणतात, स्पर्धेला ‘कॉम्पो’, आणि माणसं टोपणनावांनी ओळखली जातात. फिनलंडने २०२० मध्ये डेमोसीनचा समावेश आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत केला, पुढच्या वर्षी जर्मनीनेही.

या जगात मूळ पीसीला काडीची किंमत नव्हती. कमोडोर ६४ मध्ये स्प्राइट (हार्डवेअरने पडद्यावर हवी तिथे हलवता येणारी छोटी चित्रं) होते, गुळगुळीत स्क्रोल होतं, आवाजाची स्वतंत्र चिप होती. अमिगाकडे तर चित्राच्या कामाला वेगळे मदतनीसच होते. पीसी ऑफिसात हिशेब करायला बनवलेला. सीजीएकडे १६ किलोबाइट मेमरी आणि पडद्याचं वेळापत्रक सांभाळणारी मोटोरोलाची ६८४५ चिप. स्प्राइट नाही, हार्डवेअरकडून कसली मदत नाही. ३२० बाय २०० च्या चित्रात चार रंग, आणि त्यातले तीन ठरलेल्या संचातून: हिरवा-लाल-तपकिरी, नाहीतर आकाशी-किरमिजी-पांढरा. आपल्याकडे त्या काळी क्लासात किंवा ऑफिसात पीसी-एक्सटी हाताळलेल्या अनेकांच्या वाट्याला एकरंगी पडदाच आला. ज्यांनी सीजीए पाहिलं, त्यांच्या डोळ्यांतून ती आकाशी-किरमिजी जोडी अजून गेलेली नसेल. पीसीवर डेमो बनू लागले ते प्रामुख्याने पुढच्या पिढीची व्हीजीए कार्डं आल्यानंतर, वेगवान प्रोसेसरांच्या जोरावर. १९८१ चं यंत्र तोवर माळ्यावर गेलं होतं.

ते खाली काढणाऱ्यांत अमेरिकेतला ट्रिक्स्टर हा पहिल्यांपैकी एक. त्याने २००४ मध्ये ‘८०८८ करप्शन’मध्ये या पीसीवर टेक्स्ट मोडमधून, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणाऱ्या पद्धतीतून, चालती चित्रफीत दाखवली, आणि २०१४ मध्ये ‘८०८८ डॉमिनेशन’मध्ये तेच ग्राफिक्स मोडमध्ये. पण दोन्ही ठिकाणी चित्रफीत आधी तयार करून डिस्कवरून ओढलेली होती. खरा डेमो, म्हणजे यंत्राने स्वतः काढून दाखवायचा, बाकी होता. त्यासाठी हॉर्नेट, सीआरटीसी आणि डिझायर असे तीन गट एकत्र आले. रीनाइन, स्काली, ट्रिक्स्टर, व्हायलर ही त्यातली ठळक नावं. (‘सीआरटीसी’ हे ६८४५ सारख्या चिपांचंच नाव. गटाने ते घ्यावं यावरून मंडळींचा कल कळावा.)

मागच्या बाजूचं दुसरं सॉकेट

सीजीए कार्डाला मागे दोन सॉकेटं आहेत. एक नऊ पिनांचं, आरजीबी मॉनिटरसाठी. त्यातून लाल, हिरवा, निळा आणि ‘इंटेन्सिटी’ अशा चार तारा जातात. प्रत्येक तार चालू किंवा बंद. चार तारा म्हणजे सोळा जोड्या. या वाटेने सतरावा रंग जाणं शक्यच नाही. तिथे कितीही हुशारी केली तरी भिंत खरी आहे.

दुसरं सॉकेट गोल, एकाच तारेचं, घरच्या टीव्हीसाठी. यात उजळपणा आणि रंग दोन्ही एकाच संकेतात मिसळून जातात, अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीने. तिथे रंग म्हणजे ३.५८ मेगाहर्ट्‌झची एक लहर. लहर किती उंच यावर रंगाचा गडदपणा ठरतो, आणि ती किती पुढे किंवा मागे सरकलेली आहे यावर तो लाल की निळा हे ठरतं. सरकलेली म्हणजे कशाच्या तुलनेत? त्यासाठी दर ओळीच्या सुरुवातीला ‘कलर बर्स्ट’ नावाचा लहरीचा एक छोटा तुकडा पाठवतात. तंबोऱ्याचा षड्ज लावून दिला की गाणाऱ्याचा गंधार कुठे हे ऐकणाऱ्याला कळतं, तसं टीव्ही पुढच्या सगळ्या लहरी या तुकड्याशी ताडून पाहतो.

आता पीसीचं घड्याळ बघा. मूळ स्फटिक १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झचा. त्याला तीनाने भागलं की प्रोसेसरचा ४.७७ मिळतो, चाराने भागलं की टीव्हीच्या रंगाचा ३.५८, बाराने भागलं की टायमरचा १.१९. ६४० पिक्सेलच्या मोडमध्ये पिक्सेल याच मूळ वेगाने, १४.३१८ ने, बाहेर पडतात. म्हणजे रंगाच्या एका लहरीत बरोबर चार पिक्सेल मावतात. पांढऱ्या-काळ्या पिक्सेलांची ‘११००’ अशी नक्षी सतत पाठवली, की टीव्हीला ती नक्षी वाटतच नाही. त्याला ती ३.५८ ची लहर वाटते आणि तो रंग दाखवतो. ‘०११०’ पाठवली तर तीच लहर सरकलेली, म्हणून दुसरा रंग. चार पिक्सेलांच्या सोळा नक्ष्या, म्हणून सोळा रंग. हे गुपित नव्हतं. ॲपल टू ने सत्तरच्या दशकातच याच तत्त्वावर रंग काढले होते, आणि पीसीचे काही खेळही या मोडमध्ये चालत.

म्हणजे टीव्हीच्या वाटेने चाराचे सोळा १९८० च्या दशकातच झाले होते. सगळे तिथेच थांबले, आणि थांबण्याचं कारण तांत्रिक नव्हतं. रंगीत पीसी घेणाऱ्याकडे लवकरच आरजीबी मॉनिटर आला, इतर कंपन्यांच्या कार्डांवरचं टीव्हीचं सॉकेट वेगळे रंग देई, आणि खेळ विकणाऱ्याला सगळ्यांच्या यंत्रावर सारखं दिसणारं चित्र हवं होतं. बाजाराने रेघ ओढली आणि पुढे सगळे तिलाच यंत्राची रेघ समजू लागले.

यू अक्षराची पहिली ओळ

पुढची उडी सुचायला ग्राफिक्स मोड सोडावा लागतो. हे मला या कामातलं सर्वांत देखणं पाऊल वाटतं.

सोळा रंगांच्या त्या युक्तीत पिक्सेल काळे-पांढरे होते. टेक्स्ट मोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला अक्षराचा रंग आणि पार्श्वभूमीचा रंग असे दोन रंग देता येतात, प्रत्येकी सोळांतून. आणि टीव्हीच्या वाटेवर सीजीएचा प्रत्येक रंग ही मुळात स्वतःची एक लहर असते. मग अक्षराच्या नक्षीने दोन लहरी कापून एकमेकींत बसवल्या तर? चारांपैकी दोन पिक्सेलांपुरती लाल रंगाची लहर, उरलेल्या दोनांत निळ्याची. टीव्हीला मिळते ती तिसरीच लहर, वेगळ्या उंचीची, वेगळी सरकलेली. दोन रंगांच्या जोड्या १६ गुणिले १६, म्हणजे २५६.

अडचण अशी की सीजीएचा फॉन्ट (अक्षरांचे आकार) रॉम चिपमध्ये कायमचा कोरलेला आहे, हवी ती नक्षी त्यात भरता येत नाही. तेव्हा आहे त्याच २५६ अक्षरांतून शोधायचं, की कुणाच्या ओळीत चार-चार पिक्सेलांनी तीच नक्षी पुन्हा येते. इंग्रजी कॅपिटल ‘यू’ची वरची ओळ ११००११०० अशी आहे. दोन उद्गारचिन्हांचं जे एक जोडचिन्ह आयबीएमच्या संचात आहे, त्याची वरची ओळ ०११००११०. दोन्हींच्या पहिल्या दोन ओळी एकसारख्या आहेत. ६८४५ ला सांगितलं, की प्रत्येक अक्षराच्या आठ ओळींऐवजी पहिल्या दोनच दाखव, तर २५ ऐवजी १०० रांगा होतात. पडदा ८० बाय १०० चौकोनांचा होतो, दर चौकोनाला दोन बाइट, एकूण १६,००० बाइट. कार्डाच्या मेमरीत १६,३८४ आहेत. बसलं. दोन अक्षरं गुणिले २५६, म्हणजे ५१२ रंग.

तेवढ्याने भागत नाही. टेक्स्ट मोडमध्ये पार्श्वभूमीच्या रंगाचा एक बिट मूळात अक्षर लुकलुकवण्यासाठी राखलेला असतो. ते लुकलुकणं बंद केलं तरच सोळा पार्श्वभूमी मिळतात. शिवाय ८० अक्षरी मोडमध्ये आयबीएमच्या कार्डात एक जुनी खोड आहे: टीव्हीला लागणारा कलर बर्स्ट धड पोचत नाही, म्हणून चित्र करडं दिसतं. त्यावरचा तोडगा वाचून मला हसू आलं होतं. पडद्याच्या कडेचा रंग गडद पिवळा ठेवायचा. त्या पिवळ्याची लहर नेमकी बर्स्टच्या जागी जाते आणि टीव्ही तिलाच बर्स्ट समजतो.

आता ५१२ चे १०२४. त्यासाठी आणखी दोन अक्षरं हवीत, आणि ती सापडतात ठिपक्यांच्या छायेच्या चिन्हांत: हलकी छाया आणि मध्यम छाया. त्यांच्या पहिल्या ओळी अनुक्रमे ००१०००१० आणि ०१०१०१०१. पण इथे दुसरी ओळ पहिलीसारखी नाही, ठिपके सरकलेले आहेत. म्हणजे फक्त पहिली ओळच दाखवायची आणि तीच पुन्हा दाखवायची. ६८४५ कडे तशी सोय नाही. मेमरीत कुठून वाचायला लागायचं हा पत्ता ती नव्या चित्राच्या आरंभालाच घेते. मग तिची समजूत अशी करून द्यायची, की चित्र एक-दोन ओळींतच संपलं, आता नवं सुरू कर, हा घे पत्ता. पडद्याच्या एका फेरीत असं पुन्हा पुन्हा करायचं आणि खऱ्या शेवटालाच टीव्हीला उभा सिंक, म्हणजे ‘चित्र संपलं, पुन्हा वरून सुरू कर’ हा इशारा, द्यायचा. प्रोसेसर चित्र दिसत असेपर्यंत याच चाकरीला जुंपलेला राहतो.

म्हणून कुरकुर. १०२४ रंग मिळतात ते स्थिर चित्रांपुरते, कारण दुसरं काही करायला प्रोसेसर उरतच नाही. ५१२ रंगांची युक्ती मात्र एकदा लावून दिली की फुकट चालते, प्रोसेसर मोकळा राहतो. शिवाय १०२४ हे जोड्यांचं गणित आहे. दोन्ही रंग सारखेच असले तर चारही अक्षरं एकच लहर देतात. तेवढे वजा केले तरी ९७६ उरतात, आणि त्यातल्या कित्येक छटा शेजारी ठेवल्या तरी डोळ्याला वेगळ्या वाटत नाहीत. मला विचाराल तर कौतुक ५१२ चं व्हावं. मथळा मात्र १०२४ ने पटकावला.

व्हायलरसारख्या चित्रकाराचं काम इथे विसरायला नको. ८० बाय १०० चे आडवे ठोकळे, त्यात रंगांची यादी अशी की शेजारशेजारचे क्रमांक पडद्यावर एकमेकांच्या जवळही येत नाहीत. त्यात भर म्हणजे दोन वेगळे ठोकळे शेजारी आले की सीमेवर तिसराच रंग उमटतो, कारण टीव्ही लहर वाचतो, ठोकळे मोजत नाही.

एका ओळीत ३०४ टिकटिकी

रंग मिळाले, ते हलवायचे कसे? इथे ८०८८ ची खरी गरिबी दिसते. त्याची डेटाची वाट एका बाइटाची, आणि मेमरीतून एक बाइट आणायला त्याच्या घड्याळाच्या किमान चार टिकटिकी. पडद्याची एक आडवी ओळ प्रोसेसरच्या ३०४ टिकटिकींत संपते. म्हणजे एका ओळीच्या काळात फार तर ७६ बाइटांची ये-जा, आणि त्यात प्रोसेसरच्या आज्ञा स्वतःच येऊन बसतात. त्यामुळे या यंत्रावर आज्ञेची लांबी हीच तिची किंमत. गुणाकार टाळायचा हे सगळेच जाणतात; इथे लांब आज्ञाही टाळायची.

ओळीमागून ओळ अशी अचूक वेळ गाठायची तर प्रोसेसर आणि पडदा यांची पावलं जुळलेली हवीत. मूळ स्फटिक एकच असल्याने ती जुळायला हवीत, पण मध्ये मेमरीचा रिफ्रेश येतो. डीरॅम मेमरी सतत ताजी करावी लागते, आणि पीसीत ते काम टायमरच्या दर १८ टिकटिकींना होतं. प्रोसेसरच्या हिशेबात ७२. ३०४ ला ७२ ने भाग जात नाही, त्यामुळे रिफ्रेशचा धक्का दर ओळीत वेगळ्या जागी बसतो आणि वेळ घसरत जाते. रीनाइनने केफ्रेन्स बार्सच्या दृश्यासाठी १८ चे १९ केले. १९ म्हणजे प्रोसेसरच्या ७६ टिकटिकी, आणि ७६ चोक ३०४. प्रत्येक ओळीत चार रिफ्रेश, दर वेळी त्याच जागी.

एका आकड्याचा बदल, पण तो सुचायला स्फटिकापासून मेमरीपर्यंतची सगळी साखळी डोक्यात असावी लागते. केफ्रेन्स बार्स हे अमिगावरून आलेलं दृश्य: रंगीत पट्ट्यांची वेणी पडद्यावरून खाली ओघळत जाते. त्यात कार्डाला मेमरीतली तीच एक ओळ पुन्हा पुन्हा दाखवायला लावतात, आणि दोन ओळींच्या मधल्या वेळात तिच्यावर थोडंसं रंगवतात. चुकीला जागा नाही. एक आज्ञा उशिरा झाली तर त्या क्षणी पडदा फाटलेला दिसतो.

आवाजाचं थोडक्यात सांगतो, विषय चित्रांचा आहे. शेवटच्या श्रेयनामावलीत अमिगाच्या धर्तीचं चार स्वरांचं संगीत पीसी स्पीकरवर वाजतं. अमिगात त्याला चार स्वतंत्र वाहिन्या होत्या. इथे ८०८८ स्वतः चार आवाज मिसळून सेकंदाला सोळा हजारांहून अधिक वेळा स्पीकरला धक्के देतो. माझ्या लेखी ते रंगांइतकंच अवघड काम आहे.

किंमत कुणी मोजली

या सगळ्यावर एक आक्षेप रास्त आहे: हा डेमो पीसीवर चालतो, की एका विशिष्ट पीसीवर? आयबीएमने सीजीएची टीव्हीकडची मांडणी १९८३ च्या सुमारास बदलली. जुन्या कार्डात उजळपणा मुख्यतः इंटेन्सिटीच्या बिटावर ठरे. नव्यात लाल, हिरवा, निळाही आपापल्या प्रमाणात मिसळू लागले. एकरंगी पडद्यावर रंग वेगवेगळे ओळखू येऊ लागले हा त्याचा फायदा. पण डेमोतल्या चित्रांचे रंग जुन्या कार्डावर बेतलेले, त्यामुळे नव्या कार्डावर ते बदलतात. इतर कंपन्यांच्या कार्डांचं तर विचारूच नका. आणि भारतातल्या जुन्या टीव्हीला जोडून पाहू म्हणाल, तर आपली पद्धत पाल: रंगाची लहर ४.४३ मेगाहर्ट्‌झची, सेकंदाला ५० फेऱ्या. ३.५८ ची लहर त्याला रंग म्हणून कळतच नाही, आणि सीजीएचा सेकंदाला साठ फेऱ्यांच्या जवळचा वेग त्याला चालला तरी चित्र कृष्णधवलच राहणार.

मला हा आक्षेप मान्य आहे, तरी त्याने कामाचं मोल कमी होतं असं वाटत नाही. डेमोसीनमध्ये यंत्र म्हणजे नेहमीच ते विशिष्ट यंत्र, त्याच्या खोडींसकट. कमोडोरवाल्यांनी पडद्याची कड उघडून तिथे स्प्राइट नाचवले, तेही चिपच्या तपासणीतली एक फट शोधूनच. फरक इतकाच, की कमोडोर सगळे जवळपास सारखे होते, तर पीसीच्या शेकडो जाती झाल्या. त्यामुळे इथे ‘मूळ पीसी’ निवडणं हाच एक निर्णय ठरतो.

सर्वांत मोठी झळ एम्युलेटरांना, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामांना, बसली. डेमो आला तेव्हा तो पूर्ण आणि बरोबर चालवेल असा एकही एम्युलेटर नव्हता. त्यांनी पीसीची नक्कल केली होती ती सॉफ्टवेअर चालण्यापुरती: आज्ञा बरोबर, वेळ अंदाजे. इथे तर वेळ हेच चित्र. मेमरी रिफ्रेशचा धक्का कधी बसतो, कार्डाच्या मेमरीला हात लावल्यावर प्रोसेसर किती थांबतो, ६८४५ ला अर्ध्या चित्रात नवे आकडे दिले की ती काय करते, हे सगळं टिकटिक मोजून नक्कल करणं भाग पडलं. पुढे एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी हा डेमो कसोटी म्हणूनच धरला.

ते तिथवर पोचेपर्यंत कसोटी पुढे सरकली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्याच ‘इव्होक’ या पार्टीत सीआरटीसी आणि हॉर्नेट यांनी ‘एरिया ५१५०’ आणला. तेच यंत्र, तेच कार्ड, आणि ६८४५ ला आणखी बारकाईने चकवणारी दृश्यं. २०२३ मध्ये ‘मार्टीपीसी’ या एम्युलेटरवर त्यातलं प्रत्येक दृश्य चाललं. तसं जमलेला तो पहिला एम्युलेटर.